सीट धरायला टाकलेलं पुस्तक

लोकांना वाटतं, वाचनालयातली बाई म्हणजे पंख्याखाली बसून दिवसभर कादंबऱ्या वाचणारी. नोकरीला लागताना माझीही तीच समजूत होती, म्हणून तर लागले. प्रत्यक्षात धुळ्याच्या वाचनालयातली माझी शेवटची वर्षं कुलपं सांभाळण्यात गेली. कपाटाची नव्हे, ई-बुक रीडरची. निवृत्त होऊन वर्ष उलटलं, तरी अजून कुणाच्या हातात ती काळी पाटी दिसली की मला आधी धास्ती वाटते, कौतुक मागाहून.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेतल्या पाटीहून लहान, वजनाला हलकं, आत शेकडो पुस्तकं. पडदा कागदासारखा, मोबाइलसारखा डोळ्यात घुसत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आमचे सचिव पारसशेठ, कापडाचे व्यापारी, यांनी वडिलांच्या नावाने हे रीडर वाचनालयाला दिले. वडिलांना म्हातारपणी बारीक अक्षर दिसेना, पोथी हातात घेऊन नुसते बसत, ते शेठजींच्या मनाला लागलं होतं. तेव्हा माणूस भला. पण व्यापारी तो व्यापारीच. देताना त्यांनी एक अट घातली: एकही रीडर गेला आणि मिळाला नाही, तर गावाकडच्या सभासदांना देणं बंद. आणि ते सांभाळायची जबाबदारी माझ्यावर, कारण अख्ख्या वाचनालयात कॉम्प्युटरला न घाबरणारी मी एकटी होते. न घाबरणारी हा लोकांचा समज.

रीडरला दोन कुलपं असतात. एक यंत्रावरचं, चार आकडी पिन. दुसरं माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. सगळे रीडर वाचनालयाच्या एकाच खात्याला जोडलेले. यंत्राला कुठेही नेट मिळालं की माझ्या पडद्यावर कळणार, अमक्या रीडरवर अमकं पुस्तक इतके टक्के वाचून झालं. इथूनच त्याच्यावर एखादं नवं पुस्तक पाठवता येतं. आणि अगदीच वेळ आली तर इथूनच त्याला बंद करता येतं. हुकूम सोडून ठेवायचा, यंत्र नेटवर आलं की आतलं सगळं पुसलं जातं आणि हातात उरते ती पाटी. चोराच्याही कामाची नाही आणि सावाच्याही.

आता पिनची गंमत ऐका. आमच्या भागात घराला कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवायची पद्धत आहे. शेजारणीला ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक. कुलूप म्हणजे घरात कोणी नाही एवढीच पाटी. हीच माणसं रीडर घरी न्यायची आणि पिन विसरायला नको म्हणून कागदावर लिहून, कव्हरच्या आत चिकटपट्टीने डकवून मोकळी व्हायची. मी कागद काढून टाकायचे, पुढच्या खेपेला नवा कागद आणि त्यावर आणखी रुंद चिकटपट्टी. दोंडाईच्याच्या एका निवृत्त गुरुजींना मी रागावले तर ते मलाच म्हणाले, "बाई, मी मेलो तर घरच्यांनी उघडायचं कसं?"

याच्या उलट खुद्द पारसशेठ. त्यांनी स्वतःसाठी एक रीडर घेतला, पिन कुणाला सांगितला नाही, वर तो दुकानाच्या तिजोरीत ठेवला. चोरीला गेला नाही हे खरं, पण वाचलाही गेला नाही. पुढे ते पिन विसरले आणि सगळं पुसून नव्याने सुरू करून द्यायला माझ्याकडेच आले. त्या वेळी मी हसले होते. नंतरच्या प्रकरणात मला हसू आलं नाही.

पिंपळनेरच्या पुढच्या एका खेड्यातले हिलाल आबा आमचे जुने सभासद. शेती मुलाकडे सोपवून मोकळे झालेले, डोक्याला टोपी, बोलणं मोठ्यांदा. महिन्यातून एकदा एसटीने यायचे, पुस्तक बदलून त्याच दिवशी परत जायचे. मधे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. मधोमध धूसर, कडेकडेने दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं की हे पुढे जाणार, किती वेगाने ते सांगता येत नाही. मी त्यांना रीडर दिला, अक्षर मोठं करून दिलं. एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावत, पण ते वाचायला लागले. पहिल्या दिवशी खुर्चीत बसून एक पान वाचलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, हाई तं मन्हं काम करी टाकं तू."

एक जाडजूड कादंबरी त्यांनी लावली होती. दर खेपेला येऊन मला तिच्यातलं सांगत. मी मान डोलवायचे. मला वेळ कुठे होता, माझं लक्ष टक्क्यांवर.

एके दिवशी दुपारी आबा स्टँडवरून परत वाचनालयात आले. चेहरा उतरलेला. पारसशेठ नेमके तिथेच होते. आबांनी एवढंच सांगितलं, रीडर चोरीला गेला. गाडीत. पारसशेठांनी कपाळाला हात लावला. मला म्हणाले, "मॅडम, ताबडतोब बंद करून टाका. नकाशावर दिसत असेल ना कुठे आहे ते?"

नाही दिसत. हे मी किती जणांना समजावलं असेल. मोबाइलसारखा हा नकाशावर ठिपका टाकत नाही. कुणी त्याला नेट दिलं तरच कळतं की तो जिवंत आहे. कुठे आहे ते नाही. शेठजींना ते पटलं नाही, एवढं महाग यंत्र आणि घरचा पत्ता सांगत नाही म्हणजे काय! संध्याकाळपर्यंत बंद करा असं सांगून ते दुकानात गेले.

मी आबांना पाणी दिलं. "आबा, नेमकं काय झालं ते सांगा. कुठे बसला होतात?"

आबा टोपी हातात फिरवत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, चोरायनं नही. मीच टाकं."

"टाकलं म्हणजे?"

"सीट धराले."

एसटीने फिरणाऱ्याला हे सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते सीटवर टाकायचं. सीट आपली. त्यावरून भांडणं होतील, पण टाकलेली वस्तू कुणी उचलणार नाही हा अलिखित कायदा. गर्दी होती, आबांच्या हातात रुमाल नव्हता. त्यांनी रीडरची कापडी पिशवी खिडकीतून सोडली, दाराकडे वळले, दाराशी रेटारेटी. आत चढणार तर कंडक्टरने विचारलं, आबा, कुठे जायचं? पिंपळनेर, म्हटल्यावर तो म्हणाला ही जळगावची गाडी. आबा खाली उतरून खिडकी शोधायला गेले, तोवर घंटीची दोरी ओढली गेली.

"गाडी निंघी गयी ताई. मी मांगे पयनू. पन मन्हा पाय आते काय पयतस!"

"पण आबा, पाटी नाही का पाहिलीत गाडीवरची?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "पाटीच तं दिसनी नही," म्हणाले. "घर मा कोनले सांगेल नही मी. सांगं तं एकला येऊ देनार नहीत."

खरं सांगते, रीडर गेला त्याची धडकी एक आणि या वाक्याची दुसरी. मोठी पांढरी पाटी, हातभर अक्षरं, ती त्यांना दिसली नव्हती. म्हणजे वेळ किती उरला होता? पारसशेठ दुसरा रीडर देणार नाहीत, पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय तर नाहीच. आणि छापील पुस्तक म्हणजे आबांना आता कोरा कागदच.

संध्याकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसले. आबांच्या रीडरच्या नावापुढे बंद करण्याचं बटण. दाबलं की माझी जबाबदारी संपली, कागदोपत्री सगळं ठीक. मी दाबलं नाही. उद्या पाहू म्हटलं. शेठजींना फोनवर सांगितलं की प्रक्रिया सुरू आहे. सरकारी वाटणारं कुठलंही वाक्य माणसाला दोन दिवस थोपवतं, हा माझा अनुभव.

पुढच्या दोन दिवसांत जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा उघडला. रीडर नेटवर येऊन गेला होता. आबांनीही कव्हरच्या आत पिन डकवलेला होताच, उघडायला कुणाला काय कष्ट! पण मी थबकले ते वेगळ्याच कारणाने. आबांची कादंबरी बाराव्या टक्क्यावर होती, ती आता वीसच्या पुढे गेली होती.

चोर वाचत होता.

मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. राग यायला हवा होता. मी उठून दार लोटलं आणि परत येऊन तो आकडा पुन्हा पाहिला. विकायला नेलेल्या वस्तूची कुणी पानं उलटत नाही. म्हणजे ती कुणातरी माणसाकडे होती, बाजारात गेलेली नव्हती.

मग मी एक पत्र लिहिलं आणि पुस्तक पाठवतात तसं रीडरवर पाठवून दिलं. मायना लिहायलाच किती वेळ गेला! चोर म्हणायचं? महोदय? शेवटी लिहिलं, "प्रिय वाचक." पुढे साधंच: ही पिशवी एका म्हाताऱ्या माणसाने सीट धरायला चुकून तुमच्या गाडीत टाकली. त्यांचे डोळे जात चालले आहेत, मोठ्या अक्षरात वाचायचं त्यांच्याकडे हे एकच साधन आहे. जळगावच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत आणून द्या, सोबत खाली लिहिलेला वाचनालयाचा फोन नंबर द्या. नाव विचारणार नाही, पोलिसांत जाणार नाही. आणि शेवटी काय सुचलं कोण जाणे, एक वाक्य जास्तीचं लिहिलं: पुस्तक पुरं करायचं असेल तर करा, पण लवकर वाचा.

दोन दिवसांनी कळलं की पत्र उघडलं गेलंय. कादंबरी तिशीवर.

आणि मग सुरू झाला माझा छळ. कारण वाचणारं माणूस फार सावकाश वाचत होतं. आज दोन टक्के, उद्या एक, मधे एखादा दिवस काहीच नाही. कामातून उठून वाचणारं कुणीतरी असणार, भाजी चिरता चिरता, नाहीतर पोर निजल्यावर. मी पडद्याकडे बघून पुटपुटायचे, "वाच ग बाई, लवकर वाच." बाईच आहे असं मी का धरलं होतं मला ठाऊक नाही. इकडे आबांचा दर दोन दिवसांनी फोन.

"ताई, उनं का?"

"येईल आबा. ती वाचतेय."

"कोठे पावनी?"

मी टक्के सांगायचे. आबांना टक्के कळत नसत. "तो भाऊ घर सोडी जास, तठे उनी का?" मला काय माहीत कुठला भाऊ आणि कुठलं घर! मी अंदाजाने हो म्हणायचे. आबा खूश व्हायचे, म्हणायचे, "मंग आते तिले झोप येवाव नही." पण एका फोनवर त्यांचा मुलगा आधी बोलला. म्हणाला, "ताई, आबा आता एकटे अंगणाबाहेर जात नाहीत. पायरी चुकली परवा." फोन ठेवल्यावर मला माझंच वाक्य आठवत राहिलं. पुरं करायचं असेल तर करा. तिने वाचलेलं एकेक पान आबांच्या उरल्यासुरल्या नजरेतून वजा होत होतं, आणि ती परवानगी मी दिली होती.

पारसशेठांनी एके सकाळी मला गाठलंच. त्यांना पत्राचं सांगावं लागलं. ते आधी हसले, मग चिडले. "मॅडम, माझ्या दुकानातून थान चोरीला गेलं तर मी चोराला चिठ्ठी लिहितो काय? की बाबा, शर्ट शिवून घाल आणि मग परत दे?"

"शेठजी, आता बंद केलं तर ती आणून द्यायला निघालेली असली तरी हातात पाटीच येईल."

"आणि नाही केलं तर बाकीचे रीडरही असेच खिडकीतून जातील. मला समितीला तोंड दाखवायचं आहे." मग आवाज जरा उतरला. "वडिलांचं नाव आहे त्याच्यावर. कुणीतरी फुकट वापरतं हे मला बघवत नाही."

त्यांचंही चुकत नव्हतं. तेच तर अवघड होतं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, माझ्यासमोर दाबा. मी तक्ता उघडला. कादंबरी नव्वदीच्या पुढे होती, पण आठवडाभर रीडर नेटवर आलाच नव्हता. विकला असेल? पाण्यात पडला असेल? नवऱ्याने, सासूने काढून घेतला असेल? माझा हात माऊसवर होता.

"शेठजी," मी म्हटलं, "सोमवारपर्यंत थांबा. सोमवारी नाही आलं तर मी दाबीन आणि पुढे गावाकडे रीडर देऊ नका असं लिहूनही देईन."

सोमवार म्हणजे सोमवार, असं बजावून ते गेले. मी शब्द देऊन बसले आणि लगेच पस्तावले. आबांसारखे गावाकडचे कितीजण या रीडरवर अवलंबून होते.

सोमवारी मी वेळेच्या आधीच येऊन बसले. पडदा उघडला. रीडर नेटवर येऊन गेला होता. आणि कादंबरी बारा टक्क्यांवर.

शंभरच्या जवळ गेलेला आकडा एकदम मागे? म्हणजे कुणीतरी यंत्राशी खेळतंय, खात्यातून तोडून विकायच्या बेतात आहे. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, तिथे गाणं वाजत राहिलं. मी बटणावर बोट ठेवलं. आता शेठजींनी सांगायची गरज नव्हती. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. जळगाव स्टँडवरून चौकशीच्या खिडकीतले गृहस्थ बोलत होते.

"एक पिशवी आहे तुमच्या वाचनालयाची. एक बाई देऊन गेली. नाव नाही सांगितलं. धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो."

"कशी होती? कुठली होती?"

"अहो ताई, स्टँडवर कोण कुठली! खांद्यावर लेकरू होतं. पिशवी ठेवली आणि बोदवडच्या का जामनेरच्या गाडीकडे पळाली."

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. बारा टक्के. आबा जिथे थांबले होते तीच जागा. पुस्तक पुरं वाचून तिने, पहिल्यांदा उघडताना समोर आलेलं त्यांचं पान शोधून परत लावून ठेवलं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. नोकरीत एवढंच एकदा.

पारसशेठांना कळवलं. ते आले, पिशवी उलटसुलट करून पाहिली, रीडर चालू करून पाहिला. "मॅडम, नशीब तुमचं," म्हणाले. मग थोडं थांबून, "आबांना बोलवा. माझ्या हाताने देतो."

आबा आले ते मुलाचा हात धरून. अंगावर धुतलेले कपडे. शेठजींनी रीडर हातात दिला तेव्हा त्यांनी तो आधी कपाळाला लावला. खुर्चीत बसले. मी अक्षर सगळ्यात मोठं केलं, एका पडद्यावर दोनच शब्द. आबांनी यंत्र डोळ्यांसमोर धरलं, मग डाव्या अंगाला नेलं, मग उजव्या. मान वाकडी करून कडेने पाहिलं.

"ताई, अजून मोठं व्हस का?"

"हे शेवटचं आहे आबा."

त्यांनी रीडर मांडीवर ठेवला. पडद्यावरून हळूहळू बोट फिरवत राहिले. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"तिनी बठ्ठं वाचं का?"

"हो आबा. सगळं."

"मंग तिले बलाव ना. ती सांगी माले, पुढे काय व्हयनं ते."

इतके आठवडे तिच्यापर्यंत जाणारी एकच वाट होती, ती आता आबांच्या मांडीवर पडली होती. वस्तू सुखरूप परत आली होती, खात्यात सगळं जुळत होतं, आणि त्या बाईला आता एक ओळसुद्धा पाठवणं शक्य नव्हतं.

"ती आता सापडणार नाही आबा. रीडर इकडे आला ना."

आबांनी थोडा विचार केला. "मंग परत ठेवी ये गाडीमा," म्हणाले.

पारसशेठ हसले. आबा हसले नाहीत, तेव्हा शेठजीही थांबले. मग दाराशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

मी कपाटातून त्याच कादंबरीची छापील प्रत काढली, खुर्ची आबांच्या जवळ ओढली आणि रीडरवर बघून ते पान काढलं. इतकी वर्षं वाचनालयात काढली, पण दुसऱ्यासाठी मोठ्याने मी कधी वाचलं नव्हतं. आवाज लागेना. घराबाहेर पडणारा तो भाऊ मला पहिल्यांदाच भेटत होता. आबा डोळे मिटून ऐकत होते. एक पान संपलं तसा त्यांनी हात वर केला.

"ताई, तिनी असंच वाचं असी का? असं थांबी थांबी?"

"हो," मी म्हटलं. "असंच."

"मंग वाच," आबा म्हणाले.